१९११ चा इंग्लंड दौरा : पालवणकर बाळू आणि पहिला अखिल भारतीय संघ

मराठी माणसाने क्रिकेटला काय दिले, असे विचारले की आपल्या घरांतील मुले तेंडुलकरांचे नाव घेतात, त्यांचे आईवडील गावसकर आणि वेंगसरकरांचे. सत्तरी ओलांडलेले सभासद विजय हजारे आणि प्रा. दि. ब. देवधर यांच्यापर्यंत मागे जातात. त्याच्याही मागे एक नाव आहे. ते आपल्या घरांत फारसे घेतले जात नाही. ते नाव म्हणजे पालवणकर बाळू. भारताचा पहिला सर्व जमातींचा क्रिकेट संघ १९११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेला, त्या संघाचा हा प्रमुख गोलंदाज. त्या एका हंगामाची माहिती सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना एका ठिकाणी मिळावी, म्हणून हा लेख.

सारी नोकरी बँकेत गेल्यामुळे मला कोणतीही गोष्ट जमा आणि नावे अशा दोन रकान्यांत पाहण्याची सवय आहे. या दौऱ्याचा ताळेबंद वरवर पाहिला तर तोट्याचा दिसतो. पण खाती वेगवेगळी करून पाहिली की त्यात एक खाते असे निघते, की ज्याच्यासाठी हा हंगाम शंभर वर्षांनंतरही लक्षात ठेवावा.

दौरा थोडक्यात

काळ : १९११ चा इंग्लिश उन्हाळा, जून ते ऑगस्ट
कर्णधार : पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग
एकूण सामने : २३ (विजय ६, पराभव १५, अनिर्णित २)
त्यांपैकी प्रथम श्रेणीचे सामने : १४ (विजय २, पराभव १०, अनिर्णित २)
सर्वाधिक बळी : पालवणकर बाळू, सर्व सामन्यांत ११४, त्यांपैकी प्रथम श्रेणीत ७५

तेव्हाचा आपला भाग

त्या वेळी बालाघाट हा मध्यप्रांतातील एक जिल्हा होता आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. मॅट्रिकच्या पुढे शिकायचे तर मुलाला नागपूरला पाठवावे लागे. तिथे १८८३ चे हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ चे मॉरिस कॉलेज होते. बालाघाटहून गोंदियापर्यंत अरुंद रुळांची गाडी, गोंदियाहून बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर आणि पुढे मुंबईला जायचे असेल तर जी.आय.पी. रेल्वे, असा तो प्रवास. फुटबॉल, हॉकी, क्रिकेट हे खेळ आपल्या भागात छावण्या, मिशनच्या शाळा, रेल्वे आणि कॉलेजे यांच्यामार्फत पसरले. कॉलेजचा संघ म्हणजे त्या काळी मोठी प्रतिष्ठेची गोष्ट असे.

१९११ साली नागपुरात सोळा वर्षांचा एक मुलगा असाच खेळत मोठा होत होता. त्याचे नाव कोट्टारी कनकैया नायडू, म्हणजेच पुढचे सी. के. नायडू. त्यांचे घराणे तेलुगू, पण जन्म नागपूरचा आणि शिक्षण हिस्लॉपचे. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल, कारण १९११ साली अर्धवट राहिलेली एक गोष्ट पुढे त्यांच्या वाट्याला आली.

दौरा कसा ठरला

भारतातून इंग्लंडला क्रिकेटसाठी गेलेले पहिले संघ पारशांचे. ते १८८६ आणि १८८८ साली गेले. १८९० साली व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला मुंबईत पारशांनी हरवले आणि एतद्देशीय लोक गोऱ्यांना या खेळात हरवू शकतात हे सिद्ध झाले. पुढे पारशांबरोबर हिंदू आणि मुसलमानांनीही आपापले जिमखाने काढले. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरील ते तिन्ही जिमखाने आजही आहेत.

सर्व जमातींचा एकच संघ इंग्लंडला पाठवावा, असे प्रयत्न १९११ च्या आधीही झाले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक प्रयत्न कोणत्या जमातीला किती जागा, या वादात फिसकटला. नंतर काळच तापला. जुलै १९०९ मध्ये लंडनला मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी डिसेंबरात नाशिकला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला. इंग्रज वृत्तपत्रांत हिंदी तरुणांविषयी संशयाने लिहिले जात होते. अशा वातावरणात साम्राज्याशी स्नेह दाखवणारा एक संघ विलायतेला जावा, असे संस्थानिकांना, मुंबईच्या धनिकांना आणि राज्यकर्त्यांना वाटू लागले. २२ जून १९११ रोजी लंडनला पंचम जॉर्ज यांचा राज्यारोहण समारंभ होता. तोच उन्हाळा दौऱ्यासाठी निवडला गेला.

संघ

निवडलेल्या खेळाडूंत सहा पारशी, पाच हिंदू आणि तीन मुसलमान होते. कर्णधार महाराजा भूपिंदरसिंग शीख होते आणि तेव्हा त्यांचे वय होते फक्त एकोणीस. पारशांमध्ये डॉ. होरमसजी कांगा, जे. एस. वॉर्डन, मेहेरहोमजी आणि पतियाळाच्या चाकरीत असलेले के. एम. मिस्त्री हे नामवंत होते. मुंबईत पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग ही याच डॉ. कांगांच्या नावाची. तिघा मुसलमान खेळाडूंचे नाते अलीगढच्या कॉलेजशी होते. क्रिकेटमध्ये अलीगढचा तेव्हा मोठा दबदबा होता.

हिंदूंमध्ये मुकुंद दामोदर पै, बंगळूरचे जयराम, यष्टिरक्षक शेषाचारी, आणि दोघे सख्खे भाऊ, पालवणकर बाळू व पालवणकर शिवराम.

एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. संघाच्या जागा जमातीप्रमाणे वाटल्या गेल्या होत्या आणि कर्णधारपद संस्थानिकाला दिले गेले होते. पैसा आणि मान ज्याचा, त्याच्याकडे नेतृत्व, ही तेव्हाची रीत. त्यामुळे पस्तिशीतला, सर्वांत अनुभवी गोलंदाज एकोणीस वर्षांच्या महाराजांच्या हाताखाली खेळला. त्या काळात त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

बाळू कोण होते

पालवणकर हे आडनाव कोकणातील रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवण गावावरून आले. कुटुंब चर्मकार समाजातले, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले. वडील पलटणीत चाकरीला होते. बाळूंचा जन्म धारवाडचा आणि बालपण पुण्याच्या लष्करी भागातले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि शिवराम खेळायला शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याची, पगार महिना तीन रुपये. तिथून १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात आले आणि पगार चार रुपये झाला. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, आखणी करणे, सरावाचे जाळे बांधणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे, हे त्यांचे काम. क्लबातले उत्तम फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग यांना त्यांनी तासन् तास गोलंदाजी केली. ग्रेग यांना एकदा बाद केले की आठ आणे मिळत, असे सांगतात. या सरावातून त्यांची डावखुरी संथ फिरकी पक्की झाली. चेंडूचा टप्पा, उंची आणि वेग हवा तसा बदलण्यात ते तरबेज झाले. मात्र त्या मैदानावर त्यांना कधी कोणी फलंदाजी करू दिली नाही. बॅट हातात धरणे हा साहेबांचा अधिकार होता.

पुण्याच्या हिंदू संघापुढे यावरून पेच उभा राहिला. गोऱ्यांना हरवायचे तर बाळू हवेत, आणि बाळू घ्यायचे तर जातीचा प्रश्न. बराच वाद होऊन त्यांना घेतले गेले. मैदानावर सर्वांनी त्याच चेंडूला हात लावला. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या गोष्टीकडे बोट दाखवले. ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर जेवताही यायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते.

पुण्यात प्लेगची साथ आली त्या सुमारास कुटुंब मुंबईला गेले. बाळू परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले आणि बी.बी. अँड सी.आय. रेल्वेत नोकरीला लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूंनी आठ गडी बाद केले. त्या विजयावर लिहिताना ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने सामन्याच्या निकालापेक्षा पालवणकर बंधूंच्या प्रवेशाला जास्त महत्त्व दिले होते. पुण्यात जे भाऊ मंडपाबाहेर बसत, ते मुंबईच्या जिमखान्यात इतरांबरोबर बसून खाऊपिऊ लागले होते.

हंगाम

पहिला सामना जूनच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड विद्यापीठाशी झाला. पुढे लॉर्ड्सवर एम.सी.सी., मग केंब्रिज विद्यापीठ, आणि त्यानंतर सरे, लँकेशायर, यॉर्कशायर अशा काउंट्या. काउंट्यांच्या संघांत वर्षानुवर्षे रोज खेळणारे व्यावसायिक खेळाडू होते. आपल्याकडचे खेळाडू कारकून, डॉक्टर, विद्यार्थी, रेल्वेचे नोकर. मुंबईत मोठे सामने वर्षाला दोन-तीनच होत. इंग्लंडात आठवड्याला दोन सामने, मधल्या वेळेत आगगाडीचा प्रवास. १९११ चा उन्हाळा इंग्लंडात फार कडक आणि कोरडा होता. अशा उन्हात खेळपट्ट्या टणक होतात, फलंदाजांना धावा मिळतात आणि फिरकी गोलंदाजाचे काम जड होते.

लॉर्ड्सवरच्या सामन्यात मिस्त्रींनी ७८ धावा केल्या आणि बाळूंनी चार गडी बाद केले, तरी सामना गेला. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांविरुद्ध एका डावात बाळूंनी १०३ धावांत ८ गडी बाद केले. त्यांच्या साऱ्या प्रथम श्रेणी कारकिर्दीतील एका डावातली ही सर्वोत्तम कामगिरी.

दौऱ्याचे खरे नुकसान मैदानाबाहेर झाले. महाराजा भूपिंदरसिंग सुरुवातीचे काही सामने खेळून राज्यारोहणाच्या समारंभांत रमले आणि नंतर संघाबरोबर राहिलेच नाहीत. त्यांच्याबरोबर त्यांचे चिटणीस मिस्त्रीही गेले. म्हणजे कर्णधार आणि सर्वोत्तम फलंदाज दोघेही एकदम गेले. उरलेल्या सामन्यांत नेतृत्वाचा भार मुख्यतः डॉ. कांगांवर पडला. पराभवांची रांग लागली. बाळूंचा खांदा दुखत होता, तरी बहुतेक प्रत्येक डावात चेंडू त्यांच्याच हाती दिला जात होता, कारण दुसरा तसा गोलंदाज संघात नव्हता.

जुलैच्या मध्यावर वारे फिरले. लेस्टरशायरविरुद्ध बाळूंनी पहिल्या डावात ९२ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ९३ धावांत ६ गडी बाद केले. डॉ. कांगांनी मोठी शतकी खेळी केली आणि भारतीय संघाने एका इंग्लिश काउंटीवर पहिला विजय मिळवला. त्यानंतर सॉमरसेटशी टाँटन येथे सामना झाला. शेवटच्या डावात धावांचा पाठलाग करताना गडी पडत गेले. एका बाजूने शिवराम पालवणकर उभे राहिले. त्यांनी नाबाद ११३ धावा केल्या आणि संघ एका गड्याने जिंकला. दौऱ्यातले प्रथम श्रेणीचे विजय हे दोनच. एकात थोरल्या भावाचे अकरा बळी, दुसऱ्यात धाकट्याचे शतक.

त्याच जुलै महिन्यात कलकत्त्याच्या मैदानावर दुसरा एक हंगाम संपत होता, तोही सभासदांना माहीत असावा. २९ जुलै १९११ रोजी फुटबॉलच्या आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवले. अकरापैकी एक खेळाडू सोडला तर बाकी सारे अनवाणी खेळले होते. गोऱ्या पलटणीला हरवून ती ढाल जिंकणारा तो पहिला हिंदी संघ. बंगालमध्ये या विजयाच्या आठवणी आजही घरोघरी सांगितल्या जातात. पालवणकर बंधूंचे ते भाग्य आपण त्यांना दिले नाही.

हिशेब

आता आकडे मांडून पाहू. २३ सामन्यांपैकी १४ प्रथम श्रेणीचे, म्हणजे उरले ९. त्या नवांत ४ विजय आणि ५ पराभव. मोठ्या संघांशी खेळताना दोन विजयांमागे दहा पराभव, असे प्रमाण पडले. संघ म्हणून तोटा उघड आहे.

बाळूंचे खाते असे. सर्व सामन्यांत ११४ गडी, प्रत्येक गड्यामागे सरासरी १९ पेक्षा कमी धावा. प्रथम श्रेणीत ७५ गडी, सरासरी २०.१२. हरणाऱ्या संघाकडून, कडक उन्हाळ्यातल्या टणक खेळपट्ट्यांवर, दुखऱ्या खांद्याने आणि वयाच्या पस्तिशीत केलेली ही कामगिरी आहे.

याहून बोलका एक आकडा आहे. १९०५-०६ ते १९२०-२१ या पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत बाळू प्रथम श्रेणीचे एकूण ३३ सामने खेळले आणि त्यांनी १७९ गडी बाद केले, सरासरी १५.२१. या १७९ पैकी ७५, म्हणजे दर पाचांतले जवळजवळ दोन, एकट्या १९११ च्या उन्हाळ्यातले. इंग्लंडातल्या साध्या काउंटी गोलंदाजालाही दरवर्षी जेवढे सामने मिळत, तेवढे बाळूंना आयुष्यात एकदाच मिळाले. आपल्या देशातल्या त्या वेळच्या क्रिकेटने त्यांना दिलेली संधी किती तोकडी होती, हे या एका भागाकारातून समजते.

परत आल्यावर

मुंबईला परतल्यावर बाळूंचा त्यांच्या समाजातर्फे जाहीर सत्कार झाला. त्या सत्काराचे मानपत्र एका वीस वर्षांच्या तरुणाने लिहिले होते. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे ते विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. त्यांचा जन्म आजच्या आपल्या मध्य प्रदेशातला, महूच्या छावणीतला, आणि त्यांचेही वडील पलटणीत. जगाच्या मैदानावर आपल्यातल्या एकाने गुणावर नाव मिळवले, याचे त्या तरुण विद्यार्थ्याला किती मोल वाटले असेल, हे सांगायला नको.

कर्णधारपद मात्र मिळाले नाही. हिंदू संघाचा सर्वांत ज्येष्ठ आणि यशस्वी खेळाडू बाळू होते, तरी वर्षामागून वर्षे नाव दुसऱ्याचे येई. १९१३ साली मुकुंद पै कर्णधार झाले. त्यांच्या सत्कारात त्यांनी स्वतःच सांगितले की हा मान ज्येष्ठ व अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता. मान मिळालेल्या माणसाने तो दुसऱ्याचा होता असे भर सभेत सांगावे, याबद्दल पैंचेही नाव आदराने घ्यायला हवे.

१९२० साली वाद उघड्यावर आला. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत पै आजारी असल्याने मुसलमानांविरुद्धच्या सामन्याचे नेतृत्व प्रा. देवधरांकडे गेले, आणि बाळूंना तर संघातूनच वगळले गेले. शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर राहिले आणि त्यांनी आपली बाजू वृत्तपत्रांतून मांडली. लोकमत त्यांच्या बाजूने गेले. पारशांविरुद्धच्या पुढच्या सामन्यात पै कर्णधार म्हणून परतले आणि बाळूंना उपकर्णधार केले गेले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अस्पृश्यता घालवण्याचा ठराव त्या अधिवेशनात झाला.

शेवटी १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकून दिली. प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मिरवले. पुण्यात थोरल्या भावाला ज्या समाजाने मंडपाबाहेर चहा दिला होता, त्याच समाजातले खांदे ते होते. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ नावाचे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना जुन्या ग्रंथालयात ते मिळेल त्यांनी आवर्जून वाचावे.

बाळू नंतर सार्वजनिक कामात शिरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली आणि बाळूंना ११,२२५. ज्याने मानपत्र लिहिले तो आणि ज्याच्यासाठी लिहिले तो, असे दोघे समोरासमोर आले. दोघांच्या मार्गांत मतभेद होता. त्याची चर्चा या लेखाच्या कक्षेत बसत नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकरांचे निधन झाले.

नागपूरचा मुलगा

आता सी. के. नायडूंकडे. १९१६ साली ते चौरंगी स्पर्धेत हिंदूंकडून पहिल्यांदा खेळले, १९२३ साली विठ्ठल यांच्या नेतृत्वाखालीही खेळले आणि त्याच सुमारास होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईत एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी १५३ धावा केल्या, त्यात ११ षटकार होते. दोन वर्षांत देशाचे क्रिकेट मंडळ स्थापन झाले. जून १९३२ मध्ये भारत लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना खेळला.

त्या दौऱ्याचे कर्णधारही एक संस्थानिकच होते, पोरबंदरचे महाराजा. पण कसोटीच्या दिवशी ते स्वतः बाजूला झाले आणि नेतृत्व सी. के. नायडूंकडे दिले गेले. १९११ ते १९३२ या एकवीस वर्षांत एवढा फरक पडला. गुणाला मान मिळावा म्हणून पालवणकर बंधूंनी जो आग्रह धरला होता, त्याचे फळ त्यांच्या वाट्याला पूर्ण आले नाही. आपल्या मध्यप्रांतातल्या एका कॉलेज-खेळाडूला मात्र ते मिळाले.

आपल्यासाठी

या माहितीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. मला तीन उपयोग दिसतात.

पहिला, शाळेतल्या मुलांना निबंधासाठी, भाषणासाठी किंवा प्रश्नमंजूषेसाठी या लेखातले आकडे आणि नावे वापरता येतील. मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी तेच पाच-सहा विषय येतात. त्यांत पालवणकर बंधू हा एक विषय घालायला हरकत नाही.

दुसरा, गणेशोत्सवात किंवा कोजागरीला आपण मुलांचे सामने भरवतो. संघाचा नायक कोण, हे ठरवताना बॅट कोणाची किंवा वर्गणी कोणाच्या घरून जास्त आली हे न पाहता खेळ कोणाचा चांगला ते पाहावे. १९११ साली कर्णधारपद पैसा आणि मान पाहून दिले गेले आणि कर्णधार हंगामाच्या मध्यातच निघून गेले, हे उदाहरण पुरेसे आहे. आणि सामना संपल्यावरचा अल्पोपाहार सर्व मुलांनी एकाच पंगतीत बसून घ्यावा.

तिसरा उपयोग आपल्या स्वतःच्या नोंदींचा. बालाघाट, वारासिवनी, गोंदिया इथल्या कित्येक मराठी घरांतील आजोबा-पणजोबा नागपूरला शिकायला होते. त्यांतले कोणी मॉरिस किंवा हिस्लॉप कॉलेजच्या क्रिकेट, फुटबॉल वा हॉकी संघात असतील. संघाचा एखादा सामूहिक फोटो, मागे शाईने लिहिलेली नावे, एखादे पदक वा प्रशस्तिपत्र कपाटात पडून असेल. पालवणकर बंधूंचे आकडे आपल्याला मिळतात, कारण कोणीतरी ते त्या-त्या वेळी लिहून ठेवले. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते मंडळाच्या कार्यालयात दाखवावे. त्याची प्रत काढून मूळ वस्तू लगेच परत दिली जाईल, आणि फोटोतल्या माणसांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावीत.